दहा सुटे, एक गठ्ठा

दुसरीतल्या मुलासमोर पंचवीस चिंचोके ठेवा. ते त्याच्याकडूनच मोजून घ्या आणि पाटीवर २५ लिहायला सांगा. मूल बिनचूक लिहितं. आता ५ वर बोट ठेवून विचारा, ‘हा आकडा म्हणजे यातले कुठले चिंचोके?’ मूल पाच चिंचोके बाजूला काढतं. मग २ वर बोट ठेवून तोच प्रश्न विचारा. पुष्कळ मुलं दोन चिंचोके उचलून दाखवतात. अठरा चिंचोके मधेच पडून राहतात आणि मुलाला त्यात काही वावगं वाटत नाही. उरलेले कुठले, असं विचारलं तर काही मुलं गोंधळतात, काही जण ‘ते असेच’ म्हणून मोकळे होतात.

ही चाचणी जगभर ओळखीची आहे. जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्याकडे शिकलेल्या कॉन्स्टन्स कामी यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या मुलांवर ती करून पाहिली. मुलांसमोर सोळा वस्तू असत आणि १६ मधल्या १ चा अर्थ विचारला जाई. पहिली-दुसरीतच काय, त्यापुढच्या वर्गांतलीही कितीतरी मुलं एकच वस्तू दाखवत. गंमत अशी, की हीच मुलं वहीत ‘दशक २, एकक ५’ अशा चौकटी न चुकता भरतात. डावीकडचा आकडा डाव्या चौकटीत आणि उजवीकडचा उजव्या चौकटीत, एवढंच तिथं करायचं असतं. त्याला समज लागत नाही, नक्कल पुरते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरची शाळा डोळ्यांपुढे आणू. पश्चिमेला आंबा घाट आणि विशाळगडाचे डोंगर, पूर्वेला बांबवडे-सरुडकडे ऊस, मधे भातखाचरं आणि डोंगरउतारावर विखुरलेले धनगरवाडे. अशा भागातली शाळा बहुधा लहानच, दोन शिक्षकांवर चार इयत्ता पेलणारी. करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा मूल शाळेच्या दारापर्यंत यावं हा प्रश्न होता. आज मूल वर्गात आहे. त्याला २५ मधले दोन म्हणजे वीस हे कसं कळावं, हा प्रश्न या प्रकरणाचा. त्याचं उत्तर वर्गाच्या खिडकीबाहेरच्या वस्तूंत पुष्कळसं सापडतं, पण आधी अडचण नेमकी काय आहे ते पाहू.

नाणेघाटातला लेखनिक

‘एकशे पंचवीस लिही’ म्हटल्यावर १००२५ लिहिणारं मूल प्रत्येक शाळेत भेटतं. आपण त्यावर लाल रेघ मारतो. पण त्याचा विचार धड आहे. त्याला एकशे ऐकू आलं, ते त्यानं लिहिलं. मग पंचवीस ऐकू आलं, तेही लिहिलं. ऐकलं त्यातलं काही गाळलं नाही.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. काळ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दिलेल्या दक्षिणांची त्यात जंत्री आहे आणि म्हणून आकडेही भरपूर आहेत. तिथं दहाला वेगळं चिन्ह, वीसला वेगळं, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. सतरा लिहायचे तर दहाचं चिन्ह आणि त्याला लागून सातचं चिन्ह. चिन्ह कुठं बसलं यावरून त्याची किंमत ठरत नव्हती, कारण किंमत चिन्हातच होती. शून्याची तिथं गरजच नव्हती. आपलं १००२५ लिहिणारं मूल याच पद्धतीनं चाललेलं असतं.

नऊ अंक आणि एक शून्य एवढ्यावर कुठलीही संख्या लिहिता येते, ही युक्ती त्यानंतर कित्येक शतकांनी रुळली. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इसवी सन ८७६च्या लेखात २७० आणि ५० या संख्या शून्यासह, आज आपण लिहितो तशाच धाटणीनं कोरलेल्या दिसतात. नाणेघाटापासून तिथवर यायला माणसाला काहीशे वर्षं लागली. सहा-सात वर्षांच्या मुलानं मात्र ती वाट दोन महिन्यांत चालावी अशी आपली अपेक्षा असते.

अवघड काय आहे? स्थानिक किंमत डोळ्यांना दिसत नाही. ५२ आणि २५ यांत तेच दोन आकडे आहेत, त्यांचा आकार बदललेला नाही, रंग बदललेला नाही. फक्त जागा बदलली आणि दोनाचे वीस झाले. शिवाय दहाच्या गठ्ठ्याकडे एकाच वेळी दोन नजरांनी पाहावं लागतं. तो दहाही असतो आणि एकही असतो. दहा काड्या आणि एक गठ्ठा. नुकतंच एक-एक करून मोजायला शिकलेल्या मुलाला ‘यातला एक म्हणजे दहा’ हे मान्य करायला वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा लागतो.

आधी पाच, मग वीस

मराठी बोलणाऱ्या मुलापुढे आणखी एक धोंड असते. आपण बोलतो ‘पंचवीस’, म्हणजे आधी पाच आणि मागून वीस. लिहितो मात्र आधी २ आणि मग ५. त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणारी मुलं बेफिकीर नसतात. जे आधी कानावर पडलं ते त्यांनी आधी लिहिलेलं असतं.

त्यात दशकांची नावं वेश पालटतात. पन्नास कुठं ‘वन्न’ होतात, कुठं ‘पन्न’ होतात: एक्कावन्न, त्रेपन्न. साठाचे ‘सष्ट’ होतात, सत्तरचे ‘हत्तर’, नव्वदचे ‘ण्णव’. एक्क्याहत्तर शब्दातून सत्तर शोधून काढणं मुलाला तितकंसं सोपं नसतं. आणि सगळ्यांत मोठा चकवा ‘एकोण’चा. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी. मुलाला ऐकू येतात तीस, म्हणून ते लिहितं ३९. एकोणपन्नासचे ५९ होतात. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही वजाबाकी नावातच लपलेली आहे. शेवटी नव्व्याण्णवला पोचलं की ती एकाएकी नाहीशी होते.

ही नावं संस्कृतातून प्राकृतात आणि तिथून मराठीत झिजत आली. संस्कृतातही एकक आधीच येतो, तेवीसला त्रयोविंशति. उत्तर भारतातल्या बहुतेक भाषांत हाच क्रम आहे. दक्षिणेकडच्या चारही प्रमुख भाषांत तो उलटा. कोल्हापुरातून निपाणी, संकेश्वर ओलांडून पुढं गेलं की बाजारात ‘इप्पत्तमूरु’ ऐकू येतं. इप्पत्तु म्हणजे वीस, मूरु म्हणजे तीन. लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम तिथं एकच. चिनी भाषेत तर याहून सरळ कारभार: तेवीसला ‘दोन-दहा-तीन’. इंग्रजी या बाबतीत फार शहाणी आहे असं समजायचं कारण नाही, कारण ट्वेंटी-थ्रीपर्यंत पोचण्याआधी थर्टीन, फोर्टीन ही उलटी नावं तिथंही ओलांडावी लागतात.

घरात आणखी एक हिशेब कानावर पडत असतो. म्हातारी माणसं विसांत मोजतात. एखादी आज्जी पासष्टला ‘तीन इसा आन् पाच’ म्हणते आणि शंभराला ‘पाच इसा’. शाळेत या मोजणीला गावंढळ म्हणून हसू नये. आज्जीचा गठ्ठा विसाचा आहे, शाळेचा दहाचा आहे, एवढाच फरक. गठ्ठ्यांनी मोजायचं आणि उरलेले सुटे शेवटी सांगायचे, हे सूत्र दोन्हीकडे तेच.

आपल्या जुन्या उजळणीनं या अडचणीवर एक तोडगा काढून ठेवला होता. ‘एकावर एक अकरा, एकावर दोन बारा’ करत मुलं ‘दोनावर पाच पंचवीस’पर्यंत यायची. डावीकडे कुठला आकडा आणि उजवीकडे कुठला, हे या घोकंपट्टीनं पक्कं व्हायचं. अजूनही ती वर्गात वापरायला हरकत नाही. तिचं काम मात्र क्रम लक्षात ठेवण्यापुरतं आहे. ‘दोनावर’ म्हणताना ते दोन म्हणजे वीस आहेत हे ती सांगत नाही. सबंध उजळणी तोंडपाठ असलेलं मूलही चिंचोक्यांच्या चाचणीत दोनच चिंचोके उचलू शकतं.

‘वीस पाच’चा वाद

२०१९च्या जूनमध्ये हा विषय महाराष्ट्रात एकदम तापला. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात एकवीस, बावीस या नावांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी नावं आली. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. गणिताच्या अभ्यासक आणि मुलांसाठी सोप्या भाषेत गणित लिहिणाऱ्या म्हणून त्यांना महाराष्ट्र ओळखत होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची नावं लहान मुलांना जड जातात. दशक आधी म्हटला तर बोलणं आणि लिहिणं जुळेल. दक्षिणेकडच्या भाषांचा दाखलाही त्यांनी दिला होता.

गदारोळ झाला. मराठी भाषा मोडीत काढली इथपासून पुढाऱ्यांच्या आडनावावरच्या कोट्यांपर्यंत सगळं झालं. विषय विधानसभेतही गाजला. २०२३ साली मंगलाताई गेल्या, तेव्हाही त्यांच्या नावासोबत या वादाची आठवण निघाली. त्यात मूळ प्रश्न मात्र मागं पडला: मुलाला नावाचा अर्थ कळतो का?

असा बदल करणारे आपण पहिले नव्हतो. नॉर्वेत पूर्वी ‘तीन-आणि-वीस’ अशी मोजणी होती. टेलिफोनचे नंबर सांगताना होणाऱ्या घोटाळ्यांवरून चर्चा सुरू झाली आणि १९५१ साली तिथल्या संसदेच्या निर्णयानं ‘वीस-तीन’ हा क्रम अधिकृत झाला. शाळा, रेडिओ, सरकारी कामकाज बदललं. तरी सत्तर वर्षांनंतरही जुनी मोजणी घराघरांत ऐकू येतेच. जर्मन भाषेतही आपल्यासारखाच एकक आधी येतो. तिथं बोखुम शहरात २००४ साली गणिताच्या एका प्राध्यापकाच्या पुढाकारानं एक संस्था स्थापन झाली. तिनं आपलं नावच ठेवलं ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’, म्हणजे शब्दशः वीस-एक. ही मोजणी जुन्या मोजणीच्या जोडीनं शाळेत शिकवावी एवढीच तिची मागणी आहे.

वर्गात शिकवणाऱ्याच्या दृष्टीनं पाहिलं तर ‘वीस पाच’ ही उत्तम मधली पायरी आहे. ती कुणी शेवटची पायरी मानायचं कारण नाही, कारण बाजारात, घरात, एसटीत मुलाला पंचवीसच ऐकायचे आहेत. पण पंचवीस या नावातले वीस मुलाच्या हाताला लागेपर्यंत ‘वीस पाच’ म्हणायला कुणाची परवानगी लागू नये. आणि नुसतं नाव बदलूनही भागत नाही. अमेरिकेतल्या इरीन मिउरा यांनी चिनी, जपानी आणि कोरियन मुलांची अमेरिकन मुलांशी तुलना केली. संख्या ठोकळ्यांनी मांडायला सांगितल्यावर पूर्वेकडची मुलं पहिल्या झटक्यात दशकाचे दांडे उचलत आणि अमेरिकन मुलं बरेचदा सुटे ठोकळे एकेक करून मांडत. भाषेचा हात त्यात असणारच. पण त्या मुलांची घरं, शाळा, सरावही वेगळे होते. भाषा आयती मदत करत नसेल, तिथं ते काम हातांकडून करून घ्यावं लागतं.

काड्या, सुतळी आणि एक ढीग

आंब्याच्या बाजूला बांबूला तोटा नाही. चिव्याच्या बारीक काड्या, बोटभर लांबीच्या, कडा घासून घेतलेल्या, अशा शे-दोनशे काड्या आणि सुतळीचे तुकडे किंवा रबरबँड एवढं सामान पुरतं. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं, या ज्ञानरचनावादाची लाट आल्यापासून जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत काड्यांचे गठ्ठे दिसतातच. घोटाळा एवढाच होतो, की गठ्ठे सर किंवा मॅडम बांधून ठेवतात. मुलाच्या हाती तयार गठ्ठा येतो आणि ‘हा दशक’ असं त्याला सांगितलं जातं. मग दशक हे त्याच्या लेखी एका वस्तूचं नाव होऊन बसतं, जसं डस्टर किंवा फळा.

म्हणून सुरुवात ढिगापासून करावी. त्रेचाळीस काड्या दोन मुलांपुढे ओताव्यात आणि ‘किती?’ एवढंच विचारावं. मुलं मोजू लागतात. सव्वीस-सत्तावीसला कुणीतरी मधे बोलतं, मोजणी चुकते, पुन्हा पहिल्यापासून. दोघांचे आकडे वेगळे येतात. ही खटपट होऊ द्यावी. गठ्ठा बांधण्याची गरज याच गोंधळातून उगवते. मग विचारावं, ‘पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागू नये म्हणून काय करता येईल?’ कुणी पाचाचे ढीग करतं, कुणी दहाचे. दोन्ही चालू द्यावेत आणि मग सगळ्या वर्गाचा एक ठराव करावा: आपला गठ्ठा दहाचा. रोपं लावताना तरव्याच्या मुठी बांधलेल्या या मुलांनी पाहिलेल्या असतात. बांधलेलं लवकर मोजून होतं, हे त्यांना वेगळं पटवावं लागत नाही.

बांधताना नऊचे किंवा अकराचे गठ्ठे होणारच. अदलाबदल करून मुलांनी एकमेकांचे गठ्ठे सोडून तपासावेत. ‘ह्यात एक कमी हाय’ म्हणून कुणी ओरडतं तेव्हा गठ्ठा म्हणजे अगदी दहाच, एकही इकडेतिकडे नाही, हा नियम वर्गाचा होतो.

आता बोलायचं. त्रेचाळीस एका दमात म्हणू नये, चार पायऱ्यांनी म्हणावं.

‘चार गठ्ठे, तीन सुटे.’

‘चार दहा आणि तीन.’

‘चाळीस आणि तीन.’

‘त्रेचाळीस.’

शेवटच्या पायरीवर मराठी नाव येतं तेव्हा त्यातले चाळीस मुलानं नुकतेच हातात धरलेले असतात. काही दिवस रोज पाच-सहा संख्या अशा म्हटल्या की उलट्या क्रमाचा त्रास बराच उतरतो. एकोणतीससारख्या नावांना वेगळा वेळ द्यावा. तीन गठ्ठे मांडावेत, एका गठ्ठ्यातली एक काडी काढून घ्यावी आणि विचारावं, ‘आता किती?’ तिसरा गठ्ठा मोडला, त्याचे नऊ सुटे झाले, म्हणून दोन गठ्ठे आणि नऊ सुटे. एक उणा तीस. नावातली वजाबाकी अशी डोळ्यांसमोर घडते.

बसण्याच्या जागेचंही भान हवं. शिक्षक मुलाच्या समोर बसले आणि त्यांनी आपल्या डावीकडे गठ्ठे मांडले तर मुलाच्या बाजूनं ते उजवीकडे येतात. एवढ्यानंही मुलाची मांडणी उलटी होते. शेजारी बसून मांडावं.

त्यानंतर एक प्रयोग जरूर करावा. चार गठ्ठे डावीकडे, तीन सुट्या उजवीकडे, हे झाले त्रेचाळीस. आता मुलांदेखत गठ्ठे उचलून उजवीकडे आणि सुट्या डावीकडे ठेवाव्यात. ‘आता किती?’ काही मुलं ‘चौतीस’ म्हणतील. मोजून पाहिलं की त्रेचाळीसच भरतात. मग फळ्यावर ४३ लिहून आकड्यांची अदलाबदल करावी. इथं मात्र ३४ होतात. काड्या कुठंही ठेवा, त्या तेवढ्याच राहतात. आकड्याची किंमत मात्र त्याच्या जागेवर ठरते. स्थानिक किंमत म्हणतात ती हीच, आणि चौकटी भरण्याआधी मुलानं हा फरक एकदा तरी अनुभवलेला असावा.

लिहिण्याकडे जाताना पुठ्ठ्याच्या पट्ट्या कामी येतात. घरोघरी जुन्या लग्नपत्रिका असतातच. एका लांब पट्टीवर ४०, तिच्या निम्म्या लांबीच्या पट्टीवर ३. छोटी पट्टी मोठीच्या उजव्या टोकावर ठेवली की शून्य झाकलं जातं आणि ४३ दिसतात. उचलली की खाली चाळीस तसेच असतात. शंभराची पट्टी त्याहून लांब करावी. १०० वर २० आणि त्यावर ५ ठेवलेल्या मुलाला १००२५ मधली शून्यं कुठं गेली ते सांगावं लागत नाही.

वस्तूंचा क्रम

हाताळण्याच्या साधनांना आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मारिया माँटेसरी यांच्या सोनेरी मण्यांत एक मणी, दहा मण्यांची सळई, शंभराचा चौरस आणि हजाराचा घन असतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि पुढं कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीनं ग्रामीण बालवाड्या उभ्या केल्या, तेव्हा हे महागडं सामान परवडणार नव्हतं. त्यांनी बिया, पानं, शंख-शिंपले, माती अशा आसपासच्या वस्तूंतून साधनं घडवली. शाहूवाडीतल्या चिव्याच्या काड्या त्याच वाटेवरच्या.

साधनं कुठल्या क्रमानं द्यावीत यालाही अर्थ आहे. आधी बांधता आणि सोडता येणारे गठ्ठे. मग न सुटणारे दशकदांडे: ते सोडता येत नाहीत, पण दहा मण्यांएवढे लांब तरी दिसतात. सोबत शंभर मण्यांची गणितमाळ, दर दहा मण्यांनी रंग बदलणारी. तिच्यावर त्रेचाळीसावा मणी शोधताना मूल हळूहळू एकेक मोजणं सोडून देतं आणि चार रंगपट्टे ओलांडून तीन मणी पुढं सरकतं. नोटा सगळ्यांत शेवटी. दहाची नोट रुपयाच्या नाण्याच्या दहापट मोठी नसते, ती फाडून दहा रुपये होत नाहीत. तिची किंमत आपण मानलेली असते. दुकानातून सुट्टे आणणाऱ्या मुलाला नोट ओळखीची असते खरी, पण ती पहिल्याच दिवशी दिली तर दहा दिसायची सोय जाते. आकडा हे तर नोटेच्याही पुढचं साधन, कारण तिथं रंग आणि चित्रही नाही, आहे ती फक्त जागा.

एकाच संख्येची अनेक रूपं

त्रेचाळीस म्हणजे चार गठ्ठे आणि तीन सुटे, एवढंच शिकून थांबलेलं मूल पुढं हातच्याच्या बेरजेत अडतं. २८ आणि १५ यांची बेरीज ते ३१३ लिहितं: दोन आणि एक तीन, आठ आणि पाच तेरा. काड्या घेऊन हीच बेरीज केली तर तेरा सुट्या हातात येतात आणि वर्गाचा ठराव आठवतो, दहा झाल्या की बांधा. एक नवा गठ्ठा तयार होतो, तीन सुट्या उरतात. हातचा एक म्हणजे हाच गठ्ठा. दशकाच्या घरावर तो का लिहायचा हे आता वेगळं सांगायला नको.

वजाबाकीत उलट घडतं. ४३ वजा १७ चं उत्तर पुष्कळ मुलं ३४ काढतात. तीनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून तीन वजा केले की झालं. त्यांच्यापुढं चार गठ्ठे आणि तीन सुट्या ठेवून म्हणावं, ‘मला सतरा दे.’ मूल एक गठ्ठा देतं. सात सुट्या द्यायला जातं तर तीनच. जरा थांबतं, आणि न सांगता एका गठ्ठ्याची सुतळी सोडतं. उरतात दोन गठ्ठे आणि सहा सुट्या, सव्वीस. ‘उसना घेणे’ हा शब्द मग हवा तर वापरावा. खरं तर कुणी कुणाकडून काही उसनं घेतलेलं नाही, मुलानं स्वतःचाच गठ्ठा मोकळा केला आहे.

म्हणून त्रेचाळीसचे तीन गठ्ठे आणि तेरा सुटे, दोन गठ्ठे आणि तेवीस सुटे, नुसते त्रेचाळीस सुटे, असे सगळे अवतार आधीपासून मांडून घ्यावेत. इथं आपल्या प्रश्नांतली एक ढिलाईही लक्षात येते. ‘त्रेचाळीसमध्ये एकक किती?’ या प्रश्नाचं अपेक्षित उत्तर तीन असतं. पण एखादं चलाख मूल ‘त्रेचाळीस’ म्हणालं तर तेही बरोबरच आहे. ‘एककाच्या घरात कुठला अंक?’ आणि ‘एकूण एकक किती?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारायला हवेत.

शून्याचंही तसंच. चाळीस मांडल्यावर सुट्यांची जागा रिकामी दिसते. ती रिकामी आहे हे लिहायला ०. नाहीतर ४ कुठल्या घरातले हे वाचणाऱ्याला कळणार नाही. आणि एकोणचाळीसमध्ये एक काडी टाकली की नऊ सुट्यांच्या दहा होतात, गठ्ठा बांधला जातो, सुट्यांचं घर ओस पडतं. हा क्षण प्रत्येक मुलाच्या हातून घडावा.

कळलं हे कशावरून ओळखावं?

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै २०२१मध्ये सुरू झालं. पहिलीत ९९ पर्यंत, दुसरीत ९९९ पर्यंत आणि तिसरीत ९९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात ही त्याची उद्दिष्टं. वाचणं-लिहिणं तपासायला सोपं, म्हणून तपासणी बहुतेक तिथंच थांबते. समज तपासायची तर चौकटीबाहेरचे प्रश्न विचारावे लागतात. सदतीस अंडी आहेत, दहाच्या खोक्यात भरायची, किती खोकी पूर्ण भरतील? पासष्ट रुपयांच्या वस्तूसाठी दहाच्या किती नोटा लागतील, आणि सगळ्या दहाच्याच नोटा दिल्या तर परत किती मिळतील? अठ्ठावन्नमध्ये दहा मिळवले तर किती? या शेवटच्या प्रश्नाला बोटं न मोजता ‘अडुसष्ट’ म्हणणाऱ्या मुलाला दशक कळला आहे असं बेलाशक समजावं.

दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता एका-दोन खोल्यांत असतात. याचा इथं फायदाच होतो. पहिलीच्या मुलांनी बांधलेले दहा गठ्ठे चौथीतल्या मुलीनं एका मोठ्या सुतळीनं बांधले की शतक तयार होतं. कडब्याच्या पेंढ्या शेकड्यानं मोजताना घरी तिनं ऐकलेलंच असतं. मग तिला विचारावं, ‘दोनशे तीसमध्ये दहाचे गठ्ठे किती?’ घाईत उत्तर येतं ‘तीन’, कारण दशकाच्या घरात ३ आहे. शतकाच्या मोळ्या सोडून मोजल्या की तेवीस भरतात. हे तेवीस ज्या मुलीला न सोडता दिसू लागतात, तिला हजारासाठी नवा धडा लागत नाही, दहा शतकांची मोळी ती मनातच बांधते. पुढं पाचवीत दशांश अपूर्णांक येतो, तेव्हा तोच नियम एककाच्या उजवीकडे चालू लागतो. डावीकडे जाताना दहा बांधून एक केला होता, उजवीकडे जाताना एकाचे दहा भाग करायचे. पहिलीतल्या काड्यांवर घालवलेले दोन-चार आठवडे तिथं वसूल होतात. पहिलीत घाई केलेली असेल तर पाचवीत पुन्हा चिंचोक्यांपासून सुरुवात करावी लागते.